उंच पट्टीची पन्नास वर्षे

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि मराठी नाटकाला गाण्याचा जो नाद लागला तो लागलाच. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले. त्यात बायकांची कामे बायकांनी केली. या दोन तारखांच्या मधल्या पन्नास-बावन्न वर्षांत महाराष्ट्राने शकुंतला, सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांची गाणी डोक्यावर घेतली. ती गाणारे बहुतेक सगळे पुरुष होते.

हा इतिहास एरवी पुणे, मुंबई, सांगली, बडोदा याच गावांच्या नावाने सांगितला जातो. नांदेड-लातूरकडच्या माणसाला वाटते, आपला याच्याशी काय संबंध? आपण तर निजामाच्या मुलखात होतो. मला मात्र हे पटत नाही. रंगभूमीवर उंच पट्टीत गाणारा पुरुष प्रेक्षकांना चमत्कारिक वाटला नाही, कारण तसा आवाज ऐकायची सवय त्यांच्या कानांना आधीपासून होती. ती सवय देवळाच्या पाराने, जत्रेच्या फडाने आणि आराध्यांच्या मेळ्याने लावली होती, आणि त्या बाबतीत मराठवाडा कुणाच्या मागे नव्हता.

आधी आवाजाचे गणित थोडक्यात पाहू. पेटीवर पुरुष साधारणपणे पांढरी एक, काळी एक अशा पट्टीत 'सा' धरतो. बाई काळी चार-पाचच्या आसपास धरते. युरोपात 'सोप्रानो' म्हणतात तो सर्वांत उंच स्त्रीस्वर पियानोवरच्या मधल्या 'सी'पासून वर सुमारे दोन सप्तके जातो. पुरुषाला तिथे पोचायचे तर वाटा मोजक्याच. एक म्हणजे मुलाचा कंठ फुटण्याआधीचा आवाज. दुसरी म्हणजे खोटा आवाज, गळ्याची पूर्ण ताकद न लावता वरच्या सुरात काढलेला. तिसरी म्हणजे छातीतून, पूर्ण दमाने तारसप्तकात चढवलेला नैसर्गिक आवाज. आपल्याकडे मान मिळाला तो प्रामुख्याने या तिसऱ्याला. युरोपातल्या मोजपट्टीने आपले संगीत नट 'सोप्रानो' ठरणार नाहीत. पण बाईचे गाणे पुरुषाच्या गळ्यातून ऐकवायचे हे काम दोन्हीकडे एकच होते.

मराठवाड्यात या कामाची मुळे जुनी आहेत. पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) भारुडे लिहिली. जोगवा मागणारी, कडकलक्ष्मी घेऊन फिरणारी, सासरला वैतागलेली अशा कितीतरी बायका त्यांत स्वतःच्या तोंडाने बोलतात. भारूड करणारा पुरुष डोक्यावर पदर घेतो, आवाज चढवतो आणि समोरच्या गर्दीला ती बाई दिसू लागते. तुळजापूरच्या भवानीचे आणि माहूरच्या रेणुकेचे आराधी घ्या. माहूर तर नांदेड जिल्ह्यातच. देवीला वाहिलेल्या पुरुषांपैकी काही साडी नेसतात, कपाळी मळवट भरतात, गळ्यात कवड्यांची माळ घालतात आणि हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागतात. नवरात्रात असा मेळा गल्लीत शिरला की आधी संबळ ऐकू येतो, मग तुणतुणे, आणि मग त्या सगळ्याच्या वर एक ताणलेला, थोडा खरखरीत, बाईच्या जागी जाऊन बसणारा पुरुषी आवाज. 'उदो उदो'च्या गजरात तो बुडत नाही. तो आवाज कोणत्या शाळेत घडत नाही, मेळ्यात उभे राहून घडतो.

तमाशातही हेच. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. तिथे तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सव होतो, वाघ्या-मुरळीची गाणी चालतात. फडातल्या सुरत्यांकडे लक्ष द्या. हातात तुणतुणे आणि मंजिरी घेऊन ते गाणाऱ्याच्या मागे उभे असतात. कडव्याचा शेवटचा शब्द गाणाऱ्याने टाकला की सुरत्या तो उचलतो आणि वर, आणखी वर नेतो. ही झील. मान किंचित तिरकी होते, एक हात कानाकडे जातो, गळ्याच्या शिरा तटतटतात आणि 'जी जी' तारसप्तकात थरथरत उभी राहते. हजारोंच्या जत्रेत, कर्ण्याशिवाय, मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची ही युक्ती होती. स्त्रिया तमाशात येण्याआधी नाच्या पोऱ्यानेच फड रंगवला. गवळणीतल्या मावशीचे काम आजही पुरुषच करतो.

ही जमीन तयार होती. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासूनच स्त्रीभूमिका पुरुषांकडे होत्या. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही, हा दंडक होता. गाणाऱ्या स्त्रिया होत्या आणि उत्तम होत्या, पण त्यांच्यावर कलावंतिणीचा शिक्का बसलेला. प्रतिष्ठित मंडळींच्या नाटक कंपनीत त्यांना जागा नव्हती. किर्लोस्करांनी नाटकात भरपूर पदे घातल्यावर पेच वाढला. नुसते देखणे पोर आता पुरेना, गाणारे पोर हवे होते.

ते त्यांना बडोद्यात सापडले. भाऊराव कोल्हटकर, जन्म १८६३. कंपनीत आणि प्रेक्षकांत त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत. नोव्हेंबर १८८२ मध्ये 'सौभद्र' आले आणि भाऊरावांची सुभद्रा गाजली. 'मृच्छकटिका'त ते वसंतसेना झाले, 'रामराज्यवियोगा'त मंथरा. आवाज उंच, टोकदार आणि दमदार होता, हे त्यांना ऐकलेल्या सगळ्यांनी लिहून ठेवले आहे. वय वाढल्यावर त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या आणि त्याही चालवून दाखवल्या. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी ते गेले. वय अवघे सदतीस.

त्या काळातले नाटक रात्रभर चाले. दिवे गॅसचे किंवा तेलाचे, ध्वनिक्षेपक नाही, आणि 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा. उंच पट्टी ही हौस कमी आणि गरज जास्त होती. खालच्या पट्टीतला आवाज पिटापर्यंत पोचण्याआधीच विरायचा. नटाच्या गळ्याची परीक्षा रोज रात्री व्हायची, आणि तीत नापास झालेली पोरे कंपनीच्या स्वयंपाकघरात किंवा पडदे ओढायला लागायची.

युरोपात अशाच बंदीने काय केले ते इथे सांगायला हवे. पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर आणि चर्चच्या गायनवृंदात मनाई होती. म्हणून गोड गळ्याच्या मुलांचे वयात येण्याआधी खच्चीकरण करत, त्यामुळे स्वरयंत्र लहान राही आणि छाती मात्र मोठ्या माणसाची होई. अशा गायकांना 'कास्त्राती' म्हणत. त्यांच्यातला फारिनेल्ली (१७०५-१७८२) राजदरबारांत पूजला गेला. पण ज्यांचा गळा शेवटी साधलाच नाही, अशा मुलांचे पुढे काय झाले याची कुणी दखल घेतली नाही. या परंपरेतला शेवटचा नामांकित गायक आलेस्सांद्रो मोरेस्की. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने एप्रिल १९०२ मध्ये व्हॅटिकनमध्ये त्याचे गाणे मुद्रित केले. त्याच गाइसबर्गने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानचे मुद्रण केले, आणि हिंदुस्थानात तबकड्यांचे युग सुरू झाले. मराठी रंगभूमीने एवढी किंमत कुणाच्या शरीराकडून घेतली नाही, ही समाधानाची गोष्ट. बंदीचे मूळ मात्र दोन्हीकडे एकच होते: बाईने चारचौघांत गायचे नाही.

भाऊरावांनंतर किर्लोस्कर मंडळी चार वर्षे चाचपडली. मग नारायण श्रीपाद राजहंस आला. जन्म २६ जून १८८८. दहा वर्षांच्या या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, अशी हकीकत सर्वतोमुखी आहे. त्याला कानाने कमी ऐकू येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या दवाखान्यात पाठवले आणि मिरजेतच, १९०५ साली, तो किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहिला. कानाला कमी ऐकू येणारा मुलगा सुरात इतका नेमका कसा, याचे उत्तर भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत काही अंशी मिळते. बाकीचे दैवी देणे म्हणून सोडून द्यावे लागते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. भामिनी होऊन ते उभे राहिले आणि गायले. या प्रसंगाकडे लोक कौतुकाने पाहतात. मला त्यात कंपनीचा धंदा नटाच्या जिवावर किती निर्दयपणे चालत असे, तेही दिसते. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले आणि १९१९ मध्ये 'एकच प्याला'. अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया नाटकाच्या साथीला बसले. नाटकाचे गाणे ऐकायला मैफिलीचे रसिक तिकीट काढू लागले.

बालगंधर्वांचा आवाज कसा होता हे आज तबकड्यांवरून कळते. तो बाईच्या आवाजाची नक्कल करत नाही. खोटा आवाज नाही, चिरकेपणा नाही. भाऊरावांची जी वर्णने वाचायला मिळतात, तितकी ही पट्टी टोकाची वाटत नाही. त्याचे बाईपण लाडीक थांब्यात आहे, शब्द अर्धवट सोडून पुन्हा हळूच उचलण्यात आहे, सम गाठताना केलेल्या उशिरात आहे. म्हणून आवाज वयाप्रमाणे खाली आला तरी रुक्मिणी रुक्मिणीच राहिली. अंगावरचे शालू खरे, अत्तर खरे आणि दागिन्यांची ऐट घराण्यातली. पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या. बोडसांचे 'माझी भूमिका' आणि टेंब्यांचे 'माझा जीवनविहार' ही आत्मचरित्रे वाचली की या वैभवामागची कर्जे, रुसवेफुगवे आणि बिऱ्हाडांची ओढाताणही दिसते.

ते एकटे नव्हते. केशवराव भोसले लहानपणीच 'शारदा' झाले आणि पुढे ललितकलादर्श या नाटक कंपनीचे मालक बनून पुरुषभूमिकांत गर्जले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचे वर्णन करताना त्या पिढीचे लोक म्हातारपणीही भारावून जात. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. दीनानाथ मंगेशकर 'भावबंधना'तली लतिका आणि 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी होते. त्यांचा आवाज विजेसारखा वर जाई. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलीने, लताने, उंच सुराची ती मिरास चित्रपटात नेली आणि पुढच्या अर्धशतकाला बाईचा आवाज म्हणजे काय हे नव्याने शिकवले.

या सगळ्या काळात नांदेड निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक बाजारगाव. राज्याचा कारभार उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत. मराठी शाळा मोजक्या. मोठ्या मंडळ्यांचे नेहमीचे मुक्काम ब्रिटिश मुलखात आणि संस्थानांत असत. हे अंतर आगगाडीने काहीसे कमी केले. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मार्गाने नांदेड जोडले गेले. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला आली. सरकीची आणि तुरीची पोती जशी त्या गाडीने बार्शी-कुर्डुवाडीला गेली, तसा व्यापाऱ्याचा मुलगाही नाटकाच्या गावांपर्यंत पोचू शकला. त्याच गाडीने तबकड्या आल्या. गणेशोत्सवाच्या मेळ्यांत कंठ न फुटलेली पोरे बायकांची पदे म्हणत आणि निजामी अंमलात जी गोष्ट सभेत बोलता येत नसे ती मेळ्याच्या पदातून कानावर जाई. नाटकाचे थेट वैभव मराठवाड्याला कमी मिळाले हे खरे. म्हणूनच इथली लोकगायकी पुण्यातल्यासारखी नाट्यसंगीताच्या छायेखाली गेली नाही, ती आपल्या जागी राहिली.

अखेर तिकडे सगळे फार लवकर संपले. १४ मार्च १९३१ ला 'आलमआरा' आला आणि नाटकगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली. ध्वनिक्षेपक आला, तेव्हा पिटापर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही. आणि मुख्य म्हणजे बाई आली. हिराबाई बडोदेकर रंगमंचावर गायल्या, ज्योत्स्ना भोळे 'आंधळ्यांच्या शाळे'त गायल्या आणि त्यांना ऐकल्यावर पुरुषाने सुभद्रा का व्हावे, या प्रश्नाला उत्तर राहिले नाही.

बालगंधर्वांची कंपनी कर्जात बुडाली. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त व्ही. शांतारामांनी त्यांना उभे केले ते एकनाथांच्या भूमिकेत. ज्या संताने बाईच्या तोंडाने भारुडे लिहिली, त्याच पैठणच्या संताचे रूप घेऊन बाईच्या भूमिकांचा सम्राट पहिल्यांदा पडद्यावर पुरुष म्हणून दिसला. १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेशात आले. कॅमेरा जवळ जातो आणि पन्नाशीकडे झुकलेला चेहरा झाकत नाही. प्रेक्षकांनी तो चित्रपट स्वीकारला नाही. पुढे संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

या पन्नास वर्षांचा हिशेब कसा मांडायचा? नाट्यसंगीत हे महाराष्ट्राने देशाला दिलेले स्वतंत्र धन आहे आणि ते या पुरुषांच्या गळ्यांतून आले, हे कबूल करायलाच हवे. पण दरवाजा बंद होता म्हणून खिडकी सजली, हेही तितकेच खरे. त्या काळात जन्मलेल्या, गळा असलेल्या किती बायकांचे गाणे जात्यावरच विरले, त्याची नोंद कुठेच नाही. दुसरी गोष्ट आपल्याला आजही लागू आहे. रंगमंचावरच्या भामिनीसाठी लोक जीव ओवाळत होते आणि फडावरच्या नाच्याला टोमणे मारत होते. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधल्या गुणाची शोकांतिका यातूनच जन्मते. साडी नेसून जोगवा मागणाऱ्या आराध्याला मुलखात नमस्कारही मिळतो आणि टवाळीही मिळते. आवाज तोच, मान वेगवेगळा, आणि तो मान जातीवर आणि जागेवर ठरला. हा अन्याय आहे आणि तो अजून संपलेला नाही.

रंगभूमीवर संपलेली गोष्ट नांदेड-लातूरच्या गावांत चालूच आहे. चैत्रापासून आषाढापर्यंत गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. कीर्तनात बुवांच्या मागे उभा असलेला विशी-पंचविशीचा गायनाचार्य पांढरी चार, काळी तीन, कधी त्याहूनही वरची पट्टी धरतो आणि अभंगाची चाल तारसप्तकात नेतो. विसेक टाळकरी मागे झेलायला असतात, पखवाज घुमत असतो आणि हा आवाज न डळमळता वर थांबतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेने १९१७ पासून असे कितीतरी गळे घडवले. औशाच्या नाथ संस्थानचे चक्रीभजन ही त्याच भजनवेडाची आणखी एक शाखा. यांच्या गाण्याची समीक्षा होत नाही, यांना कुणी 'गंधर्व' म्हणत नाही, पण उंच सुरातल्या पुरुषी गळ्याची जिवंत परंपरा आज कुठे आहे असे विचारले तर बोट इकडेच दाखवावे लागेल.

भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले आणि हिंदुस्थानातले पहिले ग्रामोफोन मुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये झाले. पावणेदोन वर्षांच्या फरकाने मराठीतला एक मोठा उंच आवाज कायमचा हरवला. रोममधला मोरेस्की आज ऐकता येतो, भाऊराव येत नाहीत. आपल्याकडे ही अडचण आता नाही. माळेगावच्या यात्रेतला सुरत्या, माहूरच्या वाटेवरचा आराधी, गावच्या सप्ताहातला गायनाचार्य यांचे गाणे खिशातल्या फोनवर मुद्रित होऊ शकते. त्यांची परवानगी घेऊन ते मुद्रित करा. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, गुरू आणि पट्टी लिहून ठेवा. नांदेडला विद्यापीठ आहे, आकाशवाणी केंद्र आहे. त्यांनी हे काम पद्धतशीर हाती घ्यावे, अशी मागणी मराठवाड्यातल्या रसिकांनी एकत्र येऊन करावी. ती आत्ताच करायला हवी, कारण झील देणारे जुने सुरत्ये आता थोडेच उरले आहेत.